आरक्यूएल ज्वलनकक्षातली काजळी: सिम्युलेशनमध्ये दहापट कमी का येते?

प्रश्न – वायुप्रवाह_27

डीएलआर या जर्मन एरोस्पेस संस्थेच्या श्टुटगार्ट इथल्या इथिलीनवर चालणाऱ्या मॉडेल कम्बस्टरची (लहान ज्वलनकक्षाची) केस संगणकावर चालवतोय. तो आरक्यूएल प्रकारचा आहे, म्हणजे आधी इंधन जास्त ठेवून जाळायचे, मग जादा हवेने झटकन विरळ करायचे. दाब 3 बार, प्राथमिक भागात इक्विव्हॅलन्स रेशो 1.2 (म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त), आणि 80 मिलिमीटर उंचीवर चार भोकांतून प्राथमिक हवेच्या 40 टक्के जादा हवा. मेश (कक्षाचे छोटे भाग) 60 लाख सेलची, स्थिर आरएएनएस (प्रवाहाची फक्त सरासरी सोडवणारी पद्धत), स्टेडी फ्लेमलेट (ज्वाळेचे रसायन आधीच काढून ठेवलेल्या टेबलातून), बीटा पीडीएफ (मिश्रणाच्या चढउतारांचे गृहीत संभाव्यता-वितरण), काजळीसाठी मॉस-ब्रूक्स हे दोन समीकरणांचे मॉडेल, भिंती अॅडियाबॅटिक (उष्णता बाहेर न सोडणाऱ्या).

वेगाचे प्रोफाइल बरे जुळतात. काजळी मात्र लेसरच्या मोजमापाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी येते आणि निर्गमनाशी तर शून्यच. न्यूक्लिएशनचा (नवे कण जन्मण्याचा) स्थिरांक दहापट केला की कमाल आकडा जमतो, पण काजळी बाहेरच्या पुनर्भ्रमणात (कोपऱ्यात गोल फिरत राहणाऱ्या वायूत) भिंतीलगत साचते. कोणता स्थिरांक बदलावा? पुढे हेच केरोसीन आणि टेकऑफच्या दाबावर न्यायचे आहे.

उत्तर – फ्लेमलेट_टेबल

न्यूक्लिएशनचा स्थिरांक आधी मूळ आकड्यावर आणा. तुमच्या केसमध्ये काजळी तयार होत नाही असं नाही. ती तयार होते आणि सॉल्व्हर ती नको तिथे जाळून टाकतो, असा माझा अंदाज आहे.

त्याचं कारण असं. बीटा पीडीएफने सरासरी काढताना काजळी आणि वायूची रचना एकमेकांपासून स्वतंत्र धरली जातात. म्हणजे एखाद्या सेलमध्ये थोडी श्रीमंत (इंधन जास्त) आणि थोडी विरळ (हवा जास्त) मिश्रणाची शक्यता असली, की मॉडेल काजळीला दोन्हीकडे सारखीच वाटून देतं. प्रत्यक्षात काजळी श्रीमंत बाजूला असते आणि तिला जाळणारं ओएच मूलक समप्रमाणाच्या (इंधनाला हवा नेमकी पुरेल अशा प्रमाणाच्या) आसपास. दोघांची भेट पातळ पट्ट्यातच होते. मॉडेलमध्ये ती भेट सेलभर होते. सेल जितका मोठा आणि मिक्स्चर फ्रॅक्शनचा (मिश्रणातल्या इंधनाच्या वाट्याचा) व्हेरियन्स जितका जास्त, तितकं हे खोटं ऑक्सिडेशन वाढतं. म्हणून काजळीची स्वतःची पीडीएफ वापरतात: काही भागात काजळी शून्य, उरलेल्या भागात सगळी, आणि ती फक्त श्रीमंत मिश्रणात बसवलेली. सॉल्व्हरमध्ये तशी सोय नसेल तर निदान इतकं करून पाहा: ऑक्सिडेशन पूर्ण बंद करून एक रन घ्या. कमाल काजळी मोजमापाच्या बरीच वर गेली तर गुन्हेगार सापडला.

त्याच बैठकीत ओएचची कोलिजन एफिशियन्सी (किती टकरींतून काजळी जळते तो अंश) तपासा. मॉस-ब्रूक्समध्ये ती 0.04 असते, निओह आणि सहकाऱ्यांच्या मापनातून आलेला आकडा 0.13 आहे. नुसत्या या निवडीने ओएचकडून होणारं ज्वलन सव्वातीनपट बदलतं. काही सॉल्व्हर दराला आणखी एक गुणक लावतात, तो किती आहे तेही बघा. याच मॉडेलचे ब्रूक्स आणि मॉस यांनी 1999 मध्ये दिलेले स्थिरांक मिथेनच्या जेट ज्वाळांवर, 1 आणि 3 अॅटमॉस्फिअरला बेतलेले आहेत. ते इथिलीनला जसेच्या तसे लागू पडतील, ही अपेक्षाच चूक.

आणि भिंती अॅडियाबॅटिक ठेवू नका. या कम्बस्टरच्या काचेच्या भिंतींचं तापमान फॉस्फर थर्मोमेट्रीने (चमकणाऱ्या लेपाच्या साहाय्याने) मोजलेलं आहे, तेच बाउंडरीला द्या. बाहेरच्या पुनर्भ्रमणातला वायू खूप वेळ फिरत राहतो; तिथलं तापमान चुकलं की वाढ आणि ज्वलन दोन्ही चुकतात. भिंतीलगत साचणाऱ्या काजळीचं मूळ बहुधा इथेच आहे.

उत्तर – कणगणती

वरच्याशी सहमत, पण त्याही आधी दोन मिनिटांची हाताने तपासणी करा. एककांची चूक या मॉडेलमध्ये सर्रास होते: किलोमोल आणि मोल, किंवा 10 च्या 15व्या घाताने भागलेली कणसंख्या.

3 बार, 1900 केल्विनला वायूची घनता साधारण 0.51 किलो प्रति घनमीटर. काजळीचा वस्तुमान अंश 0.0001 आणि काजळीची घनता 1800 धरली तर व्हॉल्यूम फ्रॅक्शन (आकारमानातला वाटा) 28 पीपीबीच्या (अब्जात 28 भागांच्या) आसपास यायला हवं. पोस्ट-प्रोसेसिंगमध्ये काही वेगळं दिसलं तर चूक भौतिकीत नाही, सूत्रात आहे.

मग व्यास काढा: सहा गुणिले व्हॉल्यूम फ्रॅक्शन, भागिले पाय गुणिले कणसंख्या, त्याचं घनमूळ. याच 28 पीपीबीला घनमीटरमागे 10 चा 16वा घात इतके कण असतील तर व्यास सुमारे 18 नॅनोमीटर येतो. 18वा घात असेल तर जेमतेम 4 नॅनोमीटर, म्हणजे कोअॅग्युलेशन (कण एकमेकांना चिकटून मोठे होणं) चालतच नाहीये. न्यूक्लिएशन दहापट वाढवण्याचा खरा तोटा इथे दिसतो: वस्तुमान जुळतं, कण बारीक आणि बेसुमार होतात, पृष्ठभाग वाढतो आणि पृष्ठभागावरची वाढ नि ज्वलन दोन्ही त्याच्या मागे धावतात.

काजळीला रेणवीय विसरण जवळजवळ नसतं. तिच्या समीकरणात वायूचाच श्मिट नंबर (विसरण किती ते ठरवणारा आकडा) राहिला असेल तर ती श्रीमंत पट्ट्यातून बाहेर पाझरते आणि जळते.

वायुप्रवाह_27

ऑक्सिडेशन बंद केल्यावर कमाल काजळी मोजमापाच्या चौपट आली. भिंतींना मोजलेलं तापमान दिलं, भिंतीलगतचा साठा बराच कमी झाला. आता आरएएनएसवरच सुधारणा करत राहू की एलईएसकडे (मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणाऱ्या पद्धतीकडे) वळू?

उत्तर – फ्लेमलेट_टेबल

एलईएस. या कम्बस्टरमध्ये काजळी सतत नसते. एखाद्या बिंदूपाशी बराच वेळ काहीच नसतं आणि मधूनच तिचे धागे येऊन जातात. लेसरच्या क्षणचित्रांत ते स्पष्ट दिसतं. त्यातच जादा हवेचा काही भाग अक्षावरून उलटा, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, आतल्या पुनर्भ्रमणात जातो आणि तिथे ओएच घेऊन जातो. हा वाटा आरएएनएसने बरोबर काढला तर तो योगायोग समजा. काजळी पाहण्यापूर्वी अक्षावरचं तापमान सीएआरएसच्या (लेसरने वायूचं तापमान मोजण्याच्या पद्धतीच्या) मोजमापाशी ताडून पाहा. तिथे फरक असेल तर काजळीच्या आकड्यावर बोलण्यात अर्थ नाही.

सरासरीची घाई करू नका. 68 गुणिले 68 गुणिले 120 मिलिमीटरच्या या कक्षात वायू अंदाजे 20 मिलिसेकंद राहतो. तापमानाची सरासरी लवकर स्थिर होते, काजळीची होत नाही. सुरुवातीचे काही वास्तव्यकाळ टाकून द्या, पुढे निदान 200 मिलिसेकंद नोंदवा, आणि नोंदीचे दोन अर्धे वेगवेगळे काढून तुलना करा.

पीएएचवर (काजळीची सुरुवात करणाऱ्या मोठ्या अॅरोमॅटिक रेणूंवर) आधारलेलं न्यूक्लिएशन घेणार असाल तर पीएएच थेट टेबलातून उचलू नका. ते सावकाश बनतात, स्केलर डिसिपेशनच्या (स्थानिक मिसळण्याच्या वेगाच्या) चढउतारांमागे लगेच धावत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं ट्रान्सपोर्ट समीकरण लागतं.

उत्तर – कणगणती

केरोसीनकडे जाताना एक गणित डोक्यात ठेवा. आरक्यूएलमध्ये प्राथमिक भागात बनलेली बहुतेक काजळी पुढे जळते. बाहेर पडते ती दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. 100 भाग बनले आणि 98 जळले तर 2 उरतात. मॉडेलने 97 जाळले तर 3. ज्वलनात एका टक्क्याची चूक, उत्सर्जनात 50 टक्क्यांची. त्यामुळे निर्गमनाचा आकडा जुळला म्हणून खूश होऊ नका. आतले आकडे जुळले पाहिजेत.

फवाऱ्यातल्या थेंबांचा आकार आणि शंकूचा कोन दोन-तीन किमतींना चालवून बघा. सरोगेटमध्ये (केरोसीनऐवजी घेतलेल्या सोप्या मिश्रणात) अॅरोमॅटिक घटक ठेवा. जेट-ए या विमानाच्या केरोसीनमध्ये ते आकारमानाने 25 टक्क्यांपर्यंत चालतात आणि काजळीचा मोठा हिस्सा तिथूनच येतो. नुसत्या डोडेकेनवर (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनवर) केलेला हिशेब कमीच निघेल.

इंजिन चाचणीच्या एनव्हीपीएम (अबाष्पशील कणांच्या) आकड्यांशी तुलना करताना तुमचे कण आधी नळीतून न्या, म्हणजे नमुना घेताना होणारी घट हिशेबात धरा. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) पद्धतीत नमुना 60 अंश सेल्सिअसला तापवलेल्या लांब नळीतून जातो, मग 350 अंशांवर बाष्पशील कण काढले जातात, आणि गणक 10 नॅनोमीटरचे निम्मेच कण मोजतो. बारीक कण भिंतींना चिकटून जास्त हरवतात, त्यामुळे संख्येतली घट वस्तुमानातल्या घटीपेक्षा मोठी असते. ही दुरुस्ती व्यासावर अवलंबून आहे, म्हणून सरासरी व्यास पुरत नाही, वितरण लागतं. दोन समीकरणांचं मॉडेल ते देत नाही. संख्येची तुलना करायची असेल तर मोमेंट पद्धत (वितरणाच्या सरासऱ्या सोडवणारी) किंवा सेक्शनल पद्धत (व्यासाचे गट करून मोजणारी) घ्या. वस्तुमानापुरतंच काम असेल तर मॉस-ब्रूक्सवर थांबता येईल.