कोरोनात धंदा कसा बदलला? नाशिककरांनो, अनुभव लिहा

मार्च २०२० पासून दुकानं-कारखान्यांची उघडझाप चालू होती. मोठ्या कंपन्यांचं पेपरात येतंच, आपण आपलं बोलू. नुसतं 'ऑनलाइन गेलो' लिहून थांबू नका. नेमकं काय बदललं, पैसे कुठे अडकले, कोणती सोय पुढेही ठेवणार, ते सांगा.

अंबड, फॅब्रिकेशन
पहिल्या लाटेत माणसं नव्हती, वेल्डर गावी निघून गेले. दुसऱ्या लाटेत माणसं होती, ऑक्सिजन नव्हता. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्राने मोजके उद्योग सोडून कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला. तक्रार नाही, लोक सिलिंडरसाठी वणवण फिरत होते. पण आमचं लोखंडी प्लेटचं काम गॅस कटिंगवरचं, त्याला ऑक्सिजन लागतोच. मग ओळखीच्या शेडमधून प्लाझ्मा मशीन (विजेवर प्लेट कापणारं) भाड्याने आणलं. त्याला कॉम्प्रेसरची हवा पुरते. पातळ प्लेट झकास कापते, जाड घेतली की कड तिरकी येते आणि ग्राइंडिंगवाला बोंब मारतो. म्हणून ड्रॉइंग हातात आलं की आधी जाडी बघायची, जाड कामाला मुदत वाढवून मागायची.
दुसरं इन्स्पेक्शन. माल तपासायला पुण्याचे साहेब येऊ शकेनात, तेव्हा व्हिडिओ कॉलवर व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) लावून दाखवायला लागलो. मोबाइल धरणाऱ्याचा हात स्थिर हवा, नाहीतर आकडाच दिसत नाही. आता छोट्या लॉटला ते येतच नाहीत. त्यांचं डिझेल वाचलं, माझा चहा-नाश्ता.

मेन रोड, साड्या
मार्च २०२१ च्या शेवटी बाजारात शिरायला पाच रुपयांची पावती आली. तासाभरात बाहेर, नाहीतर पाचशे दंड. तासात साडी घेणारी बाई मला दाखवा! मग निवड आदल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर. ट्यूबलाइटखाली मोतिया रंग पांढरा दिसतो, म्हणून साडी दुकानाच्या दारात उन्हात धरायची. गिऱ्हाईक यायचं ते फक्त पोत आणि पदर बघायला.

दिंडोरी, द्राक्षबाग
मार्च २०२० ला माल काढणीला आलेला आणि व्यापारी फोन उचलेना. थोडा बेदाण्याला घातला. उरलेल्यातला जमेल तेवढा भाच्याने इंदिरानगरच्या सोसायट्यांत विकला. गूगल फॉर्मवर फ्लॅट नंबर आणि किलो, पैसे आधी खात्यात, बॉक्स गेटवर. व्यापाऱ्याकडे रक्कम महिनोन् महिने लटकते, इथे गाडी निघायच्या आधी जमा! पण कौतुक करणाऱ्यांना सांगतो, एका घराला दोन किलो लागतात आणि बागेत माल टनाने असतो. हा जोडधंदा झाला, व्यापाऱ्याला पर्याय नाही. पुढच्या हंगामातही ग्रुप चालू ठेवला, तो लवकर पिकलेल्या दोन-चार ओळींपुरता.

गंगापूर रोड, मिसळ
पार्सलमध्ये रस्सा, मटकी, फरसाण तिन्ही वेगळं. अ‍ॅपचं कमिशन परवडेना, तेव्हा जवळच्या सोसायट्यांना आमचीच पोरं पाठवली. रविवारच्या ऑर्डरी आम्ही शुक्रवारीच ग्रुपवर घेतो, तेवढीच मटकी भिजत घालतो. पूर्वी अंदाज चुकला की मोड आलेली मटकी घरी वाटत बसायचो. टेबलं सुरू झाली तरी हे सोडणार नाही.

कॉलेज रोड, टॅक्स प्रॅक्टिस
टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) ऑफिसात, माणूस घरी, मध्ये एनीडेस्क, म्हणजे ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवायचं अ‍ॅप. ते जमलं. बिलांचे अर्धे कापलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्याबद्दल विचारू नका.

सिन्नर एमआयडीसी
अंबडवाले भाऊ, प्लाझ्माच्या टिपा (टॉर्चची पुढची टोकं) किती टिकतात? आमच्या फार लवकर जातात.

अंबड, फॅब्रिकेशन
कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येत असणार. लाइनला ड्रायर लावा आणि टाकी रोज सकाळी ड्रेन करा. आमच्या त्यानंतरच टिकायला लागल्या.