गावच्या वाचनालयात आलेले स्वयंसेवक टिकावेत यासाठी काय करावे?

प्रश्न : वाचनालयाचा कार्यवाह, फोंडा तालुका

नमस्कार. आमच्या गावचे वाचनालय रोज संध्याकाळी दोन तास उघडे असते आणि देवघेव, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन केलेली नोंद), वर्गणीच्या पावत्या व रविवारचे बालवाचन हा सगळा भार सध्या तीन ज्येष्ठांवर आहे. फलकावर आणि वाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर आवाहन केले की काही तरुण येतात, पण महिनाभरात त्यांचे येणे थांबते. त्यांना गावाच्या कामाची आवड नाही, असे मी म्हणणार नाही. शिगम्याच्या रोमटामेळासाठी, म्हणजे ढोल-निशाणांसह निघणाऱ्या नाचाच्या मिरवणुकीसाठी, हीच मुले रात्री जागवतात. स्वयंसेवक मिळवावेत कसे आणि आल्यावर त्यांना सामावून कसे घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : ग्रंथपाल, डिचोली

रोमटामेळाचा उल्लेख आपणच केलात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ढोल कोणी वाजवायचा आणि निशाण कोणी धरायचे हे तिथे प्रत्येकाला माहीत असते, आणि तालमीला कोणी आला नाही तर त्याच्या घरी विचारणा होते. वाचनालयात मात्र नव्या मुलाला खुर्ची मिळते, काम मिळत नाही. माझ्या मते पहिले काम छोटे, पण पूर्णपणे त्याचे असावे. पावसाळ्यात आपल्याकडे पुस्तकांना बुरशी येते, कसर लागते. तेव्हा ऑक्टोबरात एक कपाट एकाच्या हवाली करावे. पुस्तके बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसणे, सावलीत वारा देणे, सुटलेल्या पानांची पुस्तके वेगळी काढणे आणि उरलेली दाखल क्रमांकाशी ताडून परत लावणे, एवढे झाले की त्या मुलाला निम्मे वाचनालय कळलेले असते. बोलावतानाही घरी जाऊन बोलवावे, आणि नुसते ‘मदतीला ये’ म्हणण्याऐवजी ‘तुझे अक्षर चांगले आहे, नोंदवही लिहिशील का?’ असे नेमके विचारावे.

उत्तर : कारखान्यातील कर्मचारी, वेर्णा

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु वेळेचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. आमच्यासारख्या पाळीत काम करणाऱ्यांना रोजची संध्याकाळ देणे शक्य नसते, आणि हॉटेलांत नोकरी करणाऱ्यांना ऑक्टोबरपासूनच्या पर्यटन हंगामात सुट्टी मिळणे कठीण जाते. प्रत्येकाने आठवड्याला एकच वार घ्यावा आणि पाळी बदलली तर आपसांत अदलाबदल करावी, अशी मुभा ठेवलीत तर पुष्कळ लोक टिकतील. शेजारच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही भेटावे. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास सेवा करायची असते. वाचनालयातील काम त्यांत धरता येईल का, हे त्यांनाच विचारावे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, पेडणे

तासांच्या हिशेबासाठी आलेली मुले तास भरले की जातात, हे गृहीत धरूनच त्यांना घ्यावे. त्यांच्यापैकी एखादा जरी राहिला तरी तो लाभच आहे. मला बालवाचनाविषयी अधिक आग्रहाने सांगायचे आहे. नवा स्वयंसेवक कितीही ओळखीचा असला, तरी मुलांसोबत त्याला एकट्याला ठेवू नये; दोन प्रौढ व्यक्ती कायम हजर असाव्यात आणि दार उघडे असावे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाला तक्रार करणे बंधनकारक करतो, हे सर्व स्वयंसेवकांना आरंभीच सांगावे. यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही, कारण हा नियम ज्येष्ठांनाही लागू असेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. वारांची वाटणी आणि बालवाचनाचा नियम येत्या बैठकीत मांडतो. एक शंका मात्र राहते : वर्गणीचे पैसे नव्या माणसाकडे केव्हा द्यावेत?

उत्तर : ग्रंथपाल, डिचोली

पहिले काही महिने त्याने पावती लिहावी आणि रक्कम जुन्या कार्यकर्त्याने मोजून घ्यावी. रोजच्या जमेवर दोघांचीही सही असावी. पुढे तो स्वतः रक्कम घेऊ लागला, तरी दोन सह्यांची पद्धत तशीच चालू ठेवावी.