विजयनगर एका लढाईत कसं काय संपलं?

कोथरूडकर
दिवाळीनंतर आईला घेऊन हंपीला जायचं चाललंय. शाळेत शिकलो ते एवढंच: १५६५, तालिकोट, विजयनगर संपलं. पण नकाशा बघितला तर रणांगण कृष्णाकाठी आणि शहर तिथून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला, तुंगभद्रेवर. भोवती डोंगर, तटामागे तट. मग वेढा किती दिवस चालला?

जुना सदाशिवपेठी
अहो, वेढा पडलाच नाही. २३ जानेवारी १५६५ ला रामराय हाती लागला आणि हुसेन निजामशहाने त्याचं डोकं उडवलं. आपल्या नगरचाच हा. विजापूर, गोवळकोंडा, बीदर जोडीला. सदाशिवराय नावापुरता राजा, कारभार सगळा रामरायाचा. तो पडला तशी फौज उधळली. त्याचा भाऊ तिरुमल राजधानीत परतला, पण लढायला नव्हे! खजिना हत्तींवर लादला, राजाला बरोबर घेतलं आणि पेनुकोंड्याची वाट धरली. रयत वाऱ्यावर. तट कितीही जाड असो, वर माणूस नको? लुटणाऱ्यांनी लुटलंच, पण माझा खरा राग या तिरुमलावर आहे.

पुढे कित्येक महिने सुलतानांचा मुक्काम, लूट, जाळपोळ. राजवाड्याच्या आवारात दरबाराच्या चौथऱ्यावर ओळीने दगडी बैठका दिसतील. त्यांवर लाकडी खांब होते, तेच जळाले. गाइड तिथे थांबत नाहीत, सगळ्यांना दगडी रथाची घाई. १५६७ मध्ये व्हेनिसचा सीझर फेडरिची आला, तेव्हा घरं उभी होती पण ओस. आत वाघ नि जंगली जनावरं, असं त्याने लिहिलंय. तिरुमलाने शहर पुन्हा वसवून पाहिलं. नाही जमलं.

पर्वती पायथा
सगळंच गेलं असं नाही हं. विरूपाक्षाची पूजा आजही चालते. उग्र नरसिंहाचे (१५२८) हात मात्र तुटलेत, मांडीवरची लक्ष्मी गायब. मागच्या बाजूला जाऊन बघा, त्याच्या पाठीवर तिचा हात तेवढा राहिलाय.

कोथरूडकर
हे बघणारच. आईला मात्र विठ्ठल मंदिराचीच ओढ. कृष्णदेवरायाने नेलेला पांडुरंग भानुदासांनी परत आणला, ही कथा तिला तोंडपाठ. गाभारा रिकामा आहे म्हटलं, तर म्हणते, असायलाच हवा.

जुना सदाशिवपेठी
मग ते सकाळी उघडल्या उघडल्या करा. गाडी लांबच थांबवतात, पुढे बॅटरीची गाडी मिळते. जाताना विजापूरला मुलुख-मैदान तोफही दाखवा, १५४९ मध्ये नगरला ओतलेली.