फी ठोकच ठरवा

घराच्या नूतनीकरणासाठी आर्किटेक्टची फी कामाच्या एकूण खर्चाच्या टक्क्यांत द्यावी की चौरस फुटावर, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. आम्ही दादरच्या जुन्या फ्लॅटसाठी टक्क्यांत दिली. मग आम्ही साध्या टाइल्सवरून इटालियन मार्बलवर गेलो तशी फीही फुगली! त्यापेक्षा ठोक रक्कम ठरवा, वर 18 टक्के जीएसटी धरा. आणि बीओक्यू, म्हणजे कामं आणि मालाची मापांसकट सविस्तर यादी, हातात आल्याशिवाय तोडफोड सुरू करू देऊ नका. आमच्या बाथरूमची लादी उखडली तर खालचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून पार चाळणी झालेला. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता. अशा अचानक निघणाऱ्या कामांसाठी बजेटचे 15 टक्के बाजूला ठेवाच. वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूममध्ये 48 तास पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या छताला गळती दिसते का, यावर लक्ष ठेवायला सांगा. सोसायटीचं डिपॉझिट, डेब्रिज उचलण्याचे पैसे वेगळे.