सोसायटी ग्रुपवर आश-ए-रेश्ते

सुजाता, सी-१०२: मेधाताई, काल डब्यात दिलेलं ते हिरवं दाट सूप काय होतं? सासऱ्यांनी दोनदा मागून घेतलं.

मेधा, बी-४०३: आश-ए-रेश्ते. इराणी. लेक नुकतीच जर्मनीला गेली ना, म्हणून केलं. घरचं माणूस प्रवासाला निघालं की तिकडे तिसऱ्या दिवशी आश शिजवतात आणि शेजारीपाजारी वाटतात. आश-ए-पोश्त-ए-पा म्हणतात त्याला. नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षालाही करतातच. पुण्यात कॅम्पात राहायचो तेव्हा शेजारी शिकायला आलेल्या इराणी मुली होत्या, त्यांच्याकडून शिकले.

केळकर काका, ए-२०१: म्हणजे ताकातला पालक, शेवया घालून 😄

मेधा, बी-४०३: काका, तुम्ही म्हणणारच होतात! पण याला ना मोहरी-हिंगाची फोडणी, ना गूळ. आणि पालक एकटा नाही. साधारण पाऊण किलो पाला लागतो: पालक, कोथिंबीर, पार्सली आणि ‘तरे’ नावाची लसणाच्या पातीसारखी भाजी. तरे इथे मिळत नाही, मी कांद्याची पात घालते. पार्सली मात्र टाळू नका, नाहीतर सगळ्याला कोथिंबिरीचाच वास.

सुजाता, सी-१०२: कडधान्यं कुठली?

मेधा, बी-४०३: काबुली चणे, राजमा आणि अख्खा मसूर, अर्धी अर्धी वाटी. सहा जणांना भरपूर होतं. चणे-राजमा रात्री भिजवून, पाणी बदलून कुकरला. मसूर नंतर, तो लवकर शिजतो. कांदा-हळद परतून त्यात हे सगळं, मग चिरलेला पाला, आणि मंद गॅसवर तासभर तरी. घाई केली तर पाला वेगळा आणि पाणी वेगळं.

अमेय, बी-५०४: काकू, शेवया खिरीच्याच चालतील?

मेधा, बी-४०३: नको रे, विरघळून जातील. रेश्ते म्हणजे आशमधल्या इराणी शेवया, त्या चपट्या, जाड आणि खारट असतात. त्यांच्यावरच्या पिठानेच आश दाट होते. लिंग्विनी (लांब चपटा पास्ता) मोडून घाल, नाहीतर कणकेच्या लांब पट्ट्या काप, चकोल्यांच्या कापतो तशा. एक चमचा पीठ पाण्यात कालवून सोड. खरं रेश्ते मिळालं तर मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच.

ॲडमिन: कृपया रेसिपी दुसऱ्या ग्रुपवर. आज ११ ते १ पाणी बंद आहे.

केळकर काका, ए-२०१: पाणी बंद असतानाच वाचायला वेळ मिळतो. चालू द्या.

सुजाता, सी-१०२: वर पांढरं काय होतं? दही?

मेधा, बी-४०३: कश्क. ताक आटवून, वाळवून गोळे करतात आणि लागेल तसे पाण्यात कालवतात. बाटलीतही मिळतं. बाटलीतलं पाश्चराइज्ड असतं, पण सुटं आणलं तर पाणी घालून चांगलं उकळून घ्यायचं. मी काल आंबट चक्का मीठ घालून पातळ केला होता. कश्क उकळीत टिकतं, चक्का फाटतो, म्हणून तो गॅस बंद करून. खरं सांगते, कश्कची ती खोल खारट-आंबट चव चक्क्याला येत नाही. भागतं एवढंच.

अमेय, बी-५०४: आणि वरचं काळपट तेल?

मेधा, बी-४०३: अरे तेच तर मुख्य! वाळका पुदिना. तेल गरम करायचं, गॅस बंद करायचा, मग हातावर चोळून पुदिना टाकायचा. गॅस चालू असताना टाकलास तर क्षणात कडू. शिवाय चांगला लालसर तळलेला कांदा आणि लसूण. निम्मा कांदा आशमध्ये ढवळायचा, उरलेला वरून.

शहा भाभी, ए-६०३: कांदा-लसूण वगळून होईल का?

मेधा, बी-४०३: भाभी, पुदिन्याचं तेल दुप्पट करा. छान लागेल, पण त्याला आश-ए-रेश्ते मी म्हणणार नाही 🙏

अमेय, बी-५०४: काकू, कश्क मागवतोय. कोणाला हवं असेल तर रात्री ८ पर्यंत सांगा, एकत्रच मागवू.

केळकर काका, ए-२०१: एक बाटली मला. आणि अमेय, गूळ माझ्याकडे आहे.

मेधा, बी-४०३: काका!!