लेसरने रक्त कमी जातं का?
दादा, वडिलांना स्टेंट टाकलेला, रक्त पातळ करायची गोळी चालू, मग प्रोस्टेटच्या ऑपरेशनात लेसरने रक्त खरंच कमी जातं का, असं तुम्ही विचारलंय. हो, जातं. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा लेसर रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येच शोषला जातो. ग्रंथीची वाफ होते नि रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात. होल्मियम हा दुसऱ्या प्रकारचा लेसर, त्याची रीत निराळी. आपल्या जालन्याची मोसंबी सालीतून सोडवावी तशी वाढलेली ग्रंथी आतून सुटी करतात, उष्णता अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच मुरते.

आमच्या परभणीच्या मामांचं होल्मियमनेच झालं. दुसऱ्या दिवशी पिशवीतली लघवी नुसती फिकी गुलाबी होती, तेव्हा कुठं मामीच्या जिवात जीव आला.

धुवायला सलाईन वापरतात, म्हणून जुन्या पद्धतीत धुवायच्या ग्लायसीनच्या पाण्यामुळे रक्तातलं सोडियम उतरायचं तसं इथं होत नाही. पण रक्त अजिबात जात नाही असं समजू नका. गोळी तर मनाने मुळीच थांबवू नका, स्टेंट बंद पडू शकतो. हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा. आणखी एक, वाफ केलेल्या ग्रंथीचा तुकडा तपासणीला उरत नाही. पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहायची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर हे आधीच बोलून घ्या.