पोरीला मुंबईतल्या आर्ट गॅलऱ्या दाखवायच्यात, सुरुवात कुठनं करू?

कोटितीर्थकर:
नमस्कार मंडळी. पोरगी इथंच कोल्हापुरात आर्टच्या फाउंडेशनला आहे. शाहू स्मारकला प्रदर्शन लागलं की आम्ही जातोच आणि रंकाळ्यावर स्पॉटला, म्हणजे जागेवर बसून चित्र काढायचं तर तिला वेडच आहे. आता मुंबई दाखवावी म्हणतोय. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचं, शनिवार-रविवार फिरायचं. जहांगीर आर्ट गॅलरी माहीत आहे, पण कुलाब्याकडं प्रायव्हेट गॅलऱ्या आहेत म्हणे, तिथं नुसतं बघायला आत सोडतात का, का घेणाऱ्यांनाच? आणि पहिल्याच वेळी आर्ट फेअरला न्यावं का?

जलरंग:
दादा, बिनधास्त जावा. प्रायव्हेट गॅलऱ्यांना तिकीट नसतं आणि घेणार का म्हणून कोणी विचारत पण नाही. फक्त बाहेरनं दुकानासारख्या दिसत नाहीत, जुन्या बिल्डिंगीत जिना चढून जायचं, दार बंद दिसलं तरी बेल वाजवायची, तेवढ्यावरनंच लोक मागं फिरतात. केमोल्ड तर बघाच. केकू आणि खोर्शेद गांधींनी फ्रेमच्या धंद्यातनं पुढं येऊन १९६३ ला जहांगीरच्याच वरच्या मजल्यावर ती गॅलरी चालू केली, २००७ पासनं प्रेस्कॉट रोडला आहे. पण एक करा, रविवारी यातल्या बहुतेक बंद असतात, म्हणून गुरुवारी रात्री निघा आणि शुक्रवार-शनिवार धरा.

पापाची तिकटी:
जहांगीरला अर्धा दिवस द्या, १९५२ ची गॅलरी आहे, प्रवेश फुकट. तिथं प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात आणि स्वतः चित्रकार खुर्ची टाकून बसलेला असतो, ही गोष्ट शिकणाऱ्या पोरांसाठी लाखमोलाची आहे. पोरीला सांगा, लांबनं बघून पुढं जाऊ नको, जवळ जाऊन कागद कुठला, पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) वाळायच्या आत दुसरा दिला का, असं सरळ विचार. माणूस खुलून सांगतो, कारण दिवसभर लोक फक्त "छान आहे" म्हणून जात असतात. लेबलवर लाल टिकली दिसली की ते विकलं गेलंय समजायचं. आणि बाहेर फुटपाथवर चित्रं मांडलेली असतात तीपण बघा, त्यात चांगला हात असलेली माणसं असतात.

सुप्रियाताई:
फेअरचं म्हणाल तर माझ्या मते पहिल्या वेळी नको. आर्ट मुंबई २०२३ पासनं नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर भरतो, दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर २००८ पासनं आहे. तिथं तिकीट काढावं लागतं आणि एकाच छताखाली इतक्या गॅलऱ्या की तासाभरात डोळं दमतात, मग सगळंच एकसारखं दिसाय लागतं. तेच काम गॅलरीत निवांत बघितलं तर लक्षात राहतं. काळा घोडा फेस्टिव्हलची गर्दी पण तशीच. त्यापेक्षा जहांगीरच्या समोरच एनजीएमए, म्हणजे सरकारचं आधुनिक कलेचं संग्रहालय आहे ते बघा, सोमवार सोडून. गोल जिन्यानं वर वर चढत जायचं आणि शेवटी घुमटाखाली पोचायचं, ती जागाच बघण्यासारखी आहे.

जलरंग:
ताईंचं बरोबर आहे. अजून एक, जायच्या आधी पोरीला आपल्या टाऊन हॉल म्युझियमला घेऊन जावा, आबालाल रहिमान यांची चित्रं नीट बघू दे. ते मुंबईच्या जे. जे. आर्ट स्कूलला शिकून परत आले आणि कोटितीर्थाच्या काठाला राहून इथलंच पाणी, इथलाच उजेड रंगवत राहिले, तुमच्या नावातच आहे ते. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे, तिथं पावडर शेडिंग, म्हणजे रंगाची पावडर घासून केलेली चित्रं बघू दे. डोळ्यात हे असलं की मुंबईत गेल्यावर कशापुढं थांबायचं ते तिचं तिलाच कळंल.

कोटितीर्थकर:
लई आभार सगळ्यांचे. गुरुवारचं रिझर्व्हेशन बघतो. सकाळी सीएसएमटीला उतरलं की जहांगीर उघडेपर्यंत वेळ कुठं काढायचा?

पापाची तिकटी:
जे. जे. स्टेशनाच्या जवळच आहे, बाहेरनं कॅम्पस दाखवा, मग फोर्टातनं चालत या. जहांगीर अकराला उघडतं. स्केचबुक हातात ठेवायला सांगा, त्या जुन्या दगडी इमारतींपुढं बसली की वेळ कमीच पडंल.